झोपलीये. नंतर या.

१

राग यायला शशिकलाला कारण लागत नसे, नुसती दुपार झाली तरी पुरे. रंगनाथ जेवून स्टोअरला परत गेला, सासूबाई आतल्या खोलीत पोतं अंथरून कलंडल्या, भांडी घासून पालथी पडली, की तिला वाटे, चला, एवढा तास माझा. देवळाली प्रवराच्या बाजूच्या त्या साखर कारखान्याच्या कॉलनीत बाकी सगळं कारखान्याचं होतं. भिंती कारखान्याच्या, नळ कारखान्याचा, उठा-बसा सांगणारा भोंगाही कारखान्याचा. हा तास तेवढा तिचा. मंजीला पाजायचं, झोळीत टाकायचं, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि डोळे मिटून पडायचं.

आणि नेमकी तेव्हाच दारावर बोटं वाजायची.

"माझी पोर काय करती?"

"झोपलीये. नंतर या."

शशिकला उठत नसे, दारही उघडत नसे. वैशाखातली दुपार. दार किलकिलं केलं तरी भट्टीची झळ आत यायची आणि मंजी किंचाळत उठायची. शिवाय दार उघडलं की छबूबाई कमरेवरचं सूप खाली घेऊन उंबऱ्यातच फतकल मारणार, धान्य पाखडत तासभर बोलणार, आणि बोलता बोलता मंजीला ओढून "माझी पोर, माझी पोर" करत तिच्या गालाचा लगदा करणार. माझी! इथं जन्म देणारी बाई भिंतीला टेकून बसलीय, तिला कुणी विचारत नाही.

मग बाहेर काहीच आवाज नसे. जाणाऱ्याची पावलं वाजायला हवीत, ती वाजत नसत. पण कॉलनीतल्या फुफाट्यात अनवाणी पावलं कशाला वाजतील? शशिकला कूस बदलायची आणि उरलेला तास चिडून घालवायची.

२

त्या 'माझी'ला इतिहास होता.

मंजीच्या आधीची दोन गेली होती. एक पोटातच, दुसरं बारशाची वाट न बघता. मंजी झाली ती दुष्काळात, घरोघर सरकारी दुकानातल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या जात होत्या तेव्हा. शशिकला बाजेवर ग्लानीत पडलेली असताना सासूबाईंनी, म्हणजे झुंबरबाईंनी, पोर फडक्यात गुंडाळली, मागच्या दारी नेली आणि छबूबाईंच्या ओटीत टाकली.

छबूबाई मागच्या लाइनीतल्या. नवरा छगन बॉयलरवर सीझनपुरता कामाला, गाव पारनेर तालुक्यातलं. त्यांची श्रीमंती एकच, झालेली पाचही पोरं जगलेली. त्यांनी सुपातला मूठभर कोंडा झुंबरबाईंच्या हातावर ठेवला. मिलोचाच, तांबडा. सौदा झाला.

"पोर आता हिची," झुंबरबाई मोठ्यानं म्हणाल्या, ज्याला ऐकू जायला हवं त्याला जावं म्हणून. "आमची न्हाईच ती. आमची कुठं जगत्यात!"

मग बारशाला सूपभर गहू, खण आणि नारळ देऊन पोर परत विकत घ्यायची, अशी रीत. शशिकलाला हे कळलं ते बारशाच्या दिवशी, गव्हानं भरलेलं सूप समोर आल्यावर. ती सावेडीची, नगरला डी.एड. झालेली, लग्नाआधी चौथीच्या पोरांना शास्त्र शिकवलेली बाई. तिचं डोकं फिरलं.

"माझी मुलगी मी विकत घेऊ? मूठभर कोंड्याला कुणी विकली ती? उचला ते सूप, नाहीतर चुलीत घालीन."

जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. छबूबाई तेवढ्या हसल्या. "ऱ्हाऊ द्या बाई. माझी म्हनून ऱ्हाईल. माझ्या घरात काय कमी हाय?"

मंजी जगली. वरच्या दुधाच्या पावडरीनं जगली की कोंड्यानं, यावर घरात दोन पक्ष होते, आणि शशिकलाच्या पक्षात ती एकटीच होती. रात्री-अपरात्री पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघताना तिला स्वतःच्या पक्षाची खात्री नसे, ही गोष्ट वेगळी.

एकच खुपत होतं. मंजी दीड वर्षाची होत आली. 'काऊ' म्हणे, 'भू' म्हणे, बापाला 'बा' म्हणे. 'आई' म्हणत नव्हती. शशिकला छातीवर हात ठेवून रोज शिकवायची, "म्हण, आ-ई." पोर टक लावून बघायची, ऐकायची, आणि मान वळवून दाराकडे पाहायची.

३

रविवारी दुपारी मात्र छबूबाई येत नसत. रंगनाथ घरी असतो म्हणून संकोचत असतील. आणि रविवारी दुपारी रेडिओवर 'सरोळकरांचं घर' असे.

ही मालिका आधी वर्षभर चालली होती. शाळेतल्या योहान मास्तरांची बायको फिलोमिना विणकाम घेऊन ऐकायला यायची, कारण तिच्या रेडिओतून खरखरीखेरीज काही निघत नसे. सरोळकरांच्या घरात माई नावाची तिरसट आई होती, आणि शेजारच्या गोदामावशी. प्रत्येक भागात गोदामावशी दार वाजवून लडिवाळ आवाजात विचारायच्या, "माझी पोर काय करते?" माई आतून तुसडेपणानं सांगायची, "झोपलीये. नंतर या." आणि दाराला अडसर, खाड! माईची ती मुलगी दहा वर्षांची झाली, शाळेत गेली, तरी उत्तर तेच. शेवटच्या भागात तर मुलीची वरात निघालेली, बाहेर बँड वाजतोय, आणि माई दाराआडून म्हणते, "झोपलीये. नंतर या." कॉलनीत तो विनोद महिनाभर पुरला. कुणाला हळद हवी असली, कुणी पोराला खेळायला बोलवायला आलं, की बायका आतून ओरडायच्या, "झोपलीये, नंतर या!" आणि सगळी लाइन खिदळायची.

शशिकलाला छबूबाईंसाठी हे वाक्य आयतंच मिळालं होतं. म्हणताना तिला जरा गंमतही वाटायची, हे खरं.

यंदा पाडव्यापासून नवी मालिका लागली. घर तेच, माणसं तीच, पण काळ आधीचा. माई नुकती लग्न होऊन आलेली, तिच्या आवाजात अजून हसू होतं.

"आधीची गोष्ट नंतर कशाला सांगायची?" शशिकला कुरकुरली. "शेवट माहीत असताना सुरुवात कोण ऐकतं?"

"तूच ऐकतेस की, कान देऊन," फिलोमिना म्हणाली. मग सुई थांबवून हसली. "परवा खिडकीतून ऐकलं हं तुझं. हुबेहूब माई! तुला रेडिओवर घ्यायला हवं."

"माई कसली? छबूबाई येतात ना रोज."

"हो हो, छबूबाई!" फिलोमिनानं डोळा मारला. माईचा आवाज काढून, "झोपलीये. नंतर या," म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.

हिला सगळ्याचीच थट्टा सुचते, असं वाटून शशिकलानं रेडिओचा आवाज वाढवला.

४

मग उंबऱ्यावर कोंडा दिसू लागला.

पहिल्यांदा चिमूटभर, दाराच्या फटीला लागून. शशिकलानं झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा. तिनं बोटावर घेऊन पाहिला. तांबडा होता.

"आत्याबाई, आपल्याकडे मिलो आहे का कुठं शिल्लक?"

"मिलो?" झुंबरबाई भाजी निवडत होत्या. "ती बंद होऊन लई दिस झालं. आता कोन खातंय?"

"मग हा कोंडा कुठून आला?"

झुंबरबाई उठून आल्या. उंबऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं नाही. पायाच्या चवड्यानं कोंडा बाहेर सारला आणि आत जाऊन पुन्हा भाजी निवडायला बसल्या. निवडलेलीच भाजी निवडत होत्या, हे शशिकलाच्या लक्षात आलं, पण तोवर मंजी रडायला लागली.

छबूबाईच सांडत असतील, तिनं स्वतःला सांगितलं. सूप घेऊन फिरायची सवय. सीझन संपल्यावर पाडव्याच्या सुमारास त्या छगनबरोबर गावाला गेल्या होत्या. काही दिवस दार वाजलं नव्हतं, शशिकला सुखात होती. मग एका दुपारी बोटं वाजली. आल्या वाटतं परत, तिला वाटलं होतं, पारनेरला प्यायला पाणी नसेल. पारनेरकडे कुणाच्या तरी कणगीत मिलो उरलीच असेल. सगळं नीट जुळत होतं. न जुळणारी गोष्ट एकच होती, आणि ती इतकी क्षुल्लक की कुणाला सांगावी तर हसू व्हावं. दुपारी दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी आत पडायची. दाराशी माणूस उभं राहिलं की पट्टी मध्ये तुटते.

ती तुटत नव्हती.

उन्हाचा कोन असेल, चौथीला शास्त्र शिकवलेल्या बाईनं ठरवलं. आणि त्या दिवसापासून ती दाराकडे पाठ करून झोपू लागली.

५

त्या रविवारी सगळेच घरात होते. रंगनाथ मंजीला मांडीवर घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, झुंबरबाई भिंतीशी, फिलोमिना लोकर घेऊन रेडिओजवळ.

रेडिओत माईची दोन मुलं आधीच गेली होती. तिसरी मुलगी झाली. सासूनं ती गोदामावशींना विकली, मूठभर कोंड्याला. शशिकलाची पाठ ताठ झाली. परत विकत घ्यायची वेळ आली तेव्हा माईचा शिकलेला नवरा गरजला, "हा खुळेपणा माझ्या घरात चालणार नाही!" माईनं विनवण्या केल्या, त्यानं ऐकलं नाही. आणि मग, भाग संपत आलेला असताना, गोदामावशी तापानं गेल्या. रीतसर. रडणं झालं, तिरडी उठली, दिवस झाले.

मग बराच वेळ घड्याळाची टिकटिक.

मग दारावर बोटं.

"माझी पोर काय करते?"

तोच लडिवाळ आवाज. माईचा श्वास ऐकू आला. नुकता सुरू झालेला हुंदका गिळल्यासारखा. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा, कापऱ्या, अगदी कोवळ्या आवाजात ती म्हणाली, "झोपलीये. नंतर या."

खाड.

फिलोमिनाच्या हातची सुई सुटली. "येशू मरिया! म्हणजे आधीच्या मालिकेत ती मावशी... आणि आपण वर्षभर माईला हसत होतो गं."

"हा काय चावटपणा!" शशिकला उसळली. "आधी वर्षभर हसवायचं आणि मग सांगायचं, हसायला नको होतं? लिहिणाऱ्याच्या कानाखाली वाजवायला हवी."

पण तिचं डोकं चालूच होतं, नको असताना. पहिल्या मालिकेतले प्रसंग एकेक करून तिच्यापुढे परत येत होते, आणि आता त्यांतून हसू गेलेलं होतं. गोदामावशीशी माईखेरीज कुणीच कधी बोललं नव्हतं. पोरं बाजूनं धावत गेली, कुणी मावशीला हाक मारली नाही. एकदा पोस्टमन म्हणाला होता, "कुणाशी बोलताय, माई?" तेव्हा फिलोमिनाला हसून उचकी लागली होती. आणि ती वरात. मुलगी नटून उभी, आणि आई दाराला पाठ लावून सांगतेय, झोपलीये. तुसडेपणा नव्हता तो. जागी आहे असं सांगायची सोयच नव्हती तिला, वीस वर्षं.

शशिकला हसली. तिला वाटलं, हसलं की सुटेल. "उद्या छबूबाईंना सांगते. तुमची नक्कल निघाली म्हणावं रेडिओवर."

रंगनाथच्या हातातली शेंग फुटली नाही. "कुणाला?"

"छबूबाईंना. येतात ना रोज दुपारी."

 झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. रंगनाथनं मंजीला मांडीवरून उतरवलं, सावकाश, जणू पोर काचेची होती.

"शशी," तो म्हणाला, "छगन आला होता स्टोअरला, गेल्या महिन्यात. छबूबाई गावाला गेल्या त्या तिथंच... ऊन लागलं म्हणे. दोन दिवसांत आटोपलं."

"कधी?"

"पाडव्यानंतर लगेच."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"अंगावर पिती पोर हाय," झुंबरबाई पुटपुटल्या. "बाईमानसाला असलं सांगत न्हाईत. दूध आटतं."

"दूध आटतं!" शशिकला इतक्या जोरात ओरडली की मंजीसुद्धा रडायची विसरली. "महिनाभर मी त्या दाराशी बोलतेय! तुम्ही आतल्या खोलीत असता, आत्याबाई! तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"तुझंच ऐकू यायचं," झुंबरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "दुसरं काई न्हाई. मला वाटायचं, रेडूतलं सोंग करतीस. समदी लाइनच करती की."

शशिकलानं फिलोमिनाकडे पाहिलं. फिलोमिना कपाळाला, छातीला बोटं लावत क्रूसाची खूण करत होती.

"भास असेल," रंगनाथ म्हणाला. "उन्हाचा."

"भास कोंडा सांडतो?"

रंगनाथ शेंगांची टरफलं गोळा करू लागला. तो चांगला माणूस होता, पण त्याच्याकडे उत्तर कधीच नसे, आणि त्या क्षणी शशिकलाला त्याचा जेवढा राग आला तेवढा मेलेल्या बाईचाही आला नाही. मग तो राग फिरून स्वतःवर आला. रेडिओतल्या माईला निदान नवरा आडवा आला होता. इथं सूप परत पाठवणारी ती स्वतःच होती. माईनं विनवण्या केल्या, हिनं धमकी दिली.

"भरा सूप," ती सासूला म्हणाली. "गहू, खण, नारळ, काय लागतं ते. घेते विकत."

"आता कुनाकडनं घेतीस?" झुंबरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "इकलेली पोर घेनारनीच्याच हातनं परत घ्यायची असती."

"हो ना? मग येऊ दे तिला."

६

सोमवारी रंगनाथ कामावर जायला तयार नव्हता. शशिकलानंच हाकलला. तो असला की ती येत नाही, आणि आली नाही तर उद्या पुन्हा हेच. झुंबरबाई आतल्या दाराशी माळ घेऊन बसल्या. शशिकलानं गव्हाचं सूप बाहेर उंबऱ्यापाशी ठेवलं, वर हिरवा खण, नारळ. दार लावलं. मंजीला पाजलं, झोळीत टाकलं. आज ती दाराकडे तोंड करून बसली.

भोंगा झाला. नळाशी कुणीतरी कळशी आपटली. मग कॉलनी निपचित पडली.

बोटं वाजली.

"माझी पोर काय करती?"

शशिकलानं आतल्या दाराकडे पाहिलं. झुंबरबाईंची माळ एका लयीत सरकत होती. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

उन्हाची पट्टी अखंड होती.

"छबूबाई," शशिकला म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिनं तो चढवला. "चूक माझी होती. सूप ठेवलंय बाहेर. तुमचं घ्या आणि माझी मला द्या."

आतली माळ थांबली.

 मग बाहेर सूप उचलल्याची खरखर. नारळ घरंगळत गेला आणि पायरीवरून खाली पडला. आणि मग पाखडणं सुरू झालं. फट, फट, फट. ते ऐकून मात्र झुंबरबाई उठून उभ्या राहिल्या. गहू दारावर ताशासारखा येऊन आदळत होता.

हा काय न्याय? शशिकलाच्या डोक्यात तिडीक गेली. गहू चांगला निवडलेला, तिनं स्वतः निवडलेला. ती उठली. "पोरी, नगं!" झुंबरबाई ओरडल्या, पण तिनं कडी काढली होती.

वीतभर दार उघडलं. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की वरचं काही दिसलंच नाही. सूप दिसलं, हवेत वर जाऊन खाली येणारं. ते धरलेले दोन हात दिसले, मनगटापर्यंत तांबडे. सगळा गहू मातीत सांडला होता, खण त्याच्यावर पडला होता. सुपात जे उरलं होतं ते हात अलगद, जपून सावरत होते. मूठभर कोंडा.

तो गव्हाचा नव्हता.

सूप थांबलं.

शशिकलाच्या मागे झोळीची कडी कुरकुरली. मंजी जागी झाली होती. झोळीच्या कडेला धरून ती उठून बसली होती, केस विस्कटलेले, गाल लाल, आणि दाराच्या फटीकडे बघून हसत होती. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"आई," ती म्हणाली. अगदी स्वच्छ.

हात शशिकलाकडे नव्हते.

शशिकलानं दार लावलं. कडी घातली, मग पाटा ओढून दाराला लावला, मग स्वतःची पाठ लावली. दाराच्या पलीकडे, बरोबर तिच्या कानाच्या उंचीवर, बोटं पुन्हा वाजली. तिचं अंग थरथरत होतं, आणि तिला नवल वाटलं, ते भीतीनं नव्हतं. एवढी चीड तिला जन्मात कधी आली नव्हती. समोर मंजी हात पसरून खिदळत होती. शेजारच्या बिऱ्हाडात कुणाचं तरी पोर रांगत होतं, कुणीतरी चहाचं आधण ठेवत होतं. आता त्या सगळ्यांना भिंतीतून ऐकू जाणार होतं, आणि ते हसणार होते. हसू देत. आज, उद्या, शाळेत जाईल तेव्हा, वरात निघेल तेव्हा.

"माझी पोर काय करती?"

"झोपलीये," शशिकला म्हणाली. "नंतर या."